डोंगरकडा: अक्षरे पाच, बाइट चोवीस

हळद काढणीच्या दिवसांत डोंगरकड्यातल्या आमच्या शेतकरी गटाची सभासद यादी छापायची होती. यादी मी घरी एका छोट्या प्रोग्रॅमने तयार केली, पेनड्राइव्हवर घेतली आणि गटाच्या लॅपटॉपवर तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून थेट छपाईला दिली. कागद बाहेर आला तो परक्या चिन्हांनी भरलेला. शेजारी उभ्या असलेल्या काकांनी तो हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, "का रे बाबू, माहं नाव कुठं गेलं यातून?"

नाव कुठेच गेले नव्हते. फाइलमधला एकही बाइट हलला नव्हता. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने एका पद्धतीने लिहिले होते आणि वाचणाऱ्याने ते दुसऱ्या पद्धतीने वाचले होते. फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, बंद करणे हा प्रोग्रॅमिंगच्या कोणत्याही पुस्तकातला सुरुवातीचा धडा. तो बहुधा इंग्रजी उदाहरणांवर शिकवला जातो, आणि इंग्रजीत तो चार ओळींत संपतोही. मराठी मजकूर घेतला की त्याच चार ओळींत पन्नास वर्षांचा इतिहास उभा राहतो. या सगळ्या प्रश्नाचा आढावा मराठीच्या बाजूने घ्यावा, असे त्या कागदापासून मनात होते.

फाइलमध्ये अक्षरे नसतात

आधी पाया पक्का करू. डिस्कवरची फाइल म्हणजे ० ते २५५ यांपैकी आकड्यांची एक लांब रांग. या प्रत्येक आकड्याला बाइट म्हणतात. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे त्या रांगेत कुठेच लिहिलेले नसते. ते ठरवणाऱ्या तक्त्याला एन्कोडिंग म्हणतात, आणि तो तक्ता वाचणाऱ्याच्या हाती असावा लागतो.

'डोंगरकडा' हे नाव घ्या. बोलताना आपण पाच अक्षरे मोजतो: डों, ग, र, क, डा. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशोबात मात्र ती आठ चिन्हे होतात, कारण ड, ओकार, अनुस्वार, ग, र, क, ड आणि काना यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. हे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून डिस्कवर चोवीस बाइट जातात. नुसत्या 'ड'चे बाइट २२४, १६४ आणि १६१. हेच तीन आकडे पश्चिम युरोपसाठी बनलेल्या जुन्या विंडोज तक्त्याने वाचले, तर डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी 'ए', चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले वर्तुळ आणि उलटे उद्गारचिन्ह दिसते. काकांच्या कागदावर हेच होते.

गंमत वाटावी असा प्रयोग इथे करता येतो. चार फाइली करा, प्रत्येकीत एकेक नाव लिहा: डोंगरकडा, वसमत, हिंगोली, कळमनुरी. चारही यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि त्या जुन्या तक्त्याने पायथनमध्ये वाचायला लावा. पहिल्या तीन फाइली बिनतक्रार उघडतात आणि कचरा दाखवतात. कळमनुरीची फाइल उघडतच नाही, चूक दाखवून प्रोग्रॅम थांबतो. कारण 'नु'मधला उकार. त्याचे बाइट २२४, १६५, १२९, आणि त्या तक्त्यात १२९ ची जागा रिकामी आहे. १४१, १४३, १४४ आणि १५७ या जागाही रिकाम्याच. हलंताचा शेवटचा बाइट १४१, 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४ आणि 'झ'चा १५७. म्हणजे 'जिल्हा' हा शब्द प्रोग्रॅम थांबवतो आणि 'हिंगोली' मुकाट्याने बिघडतो. नवशिक्याला थांबलेल्या प्रोग्रॅमची धास्ती वाटते. खरे नुकसान मुकाट्याने बिघडणाऱ्या फाइलीत असते, कारण तिच्यावर पुढचे काम चालूच राहते.

दफ्तर आहे, वाचणारा नाही

लिहिलेले आहे पण ते वाचण्याची रीत हाती नाही, ही अडचण आमच्या मराठवाड्याला संगणकाने प्रथम दाखवली असे नाही. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातले सरकारी कागद उर्दूत, आणि गावपातळीवरची बरीच लिखापढी मोडी लिपीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दफ्तरे पुन्हा उघडली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकदम भासली. कागद टिकला होता, शाई टिकली होती. कमी पडत होता तो अक्षर ओळखणारा डोळा.

फाइलींचेही असेच आहे. बाइट टिकवणे हे अर्धे काम. ते कोणत्या लिपीने वाचायचे हे ज्ञान टिकवणे हे उरलेले अर्धे. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्वतःची जागा मिळाली, त्यामुळे आता मोडी मजकूरही मोडी म्हणूनच फाइलमध्ये लिहिता येतो. यूटीएफ-८ मध्ये मोडीचे प्रत्येक चिन्ह चार बाइट घेते.

फॉन्टचे दिवस

संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे मोठे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा. इन्स्क्रिप्ट कळफलक आणि जिस्ट तंत्रज्ञान यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. याच धाग्यातून इस्की हे प्रमाण आले. १९९१ मध्ये ते भारतीय मानक १३१९४ म्हणून जाहीर झाले. इस्कीत पहिल्या १२८ जागा इंग्रजीला आणि वरच्या जागा भारतीय लिपीला. 'डोंगरकडा' इस्कीत आठ बाइटांत बसते. चिन्हे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात, त्यामुळे शोधणे आणि क्रम लावणे शक्य होते.

पण छपाईच्या दुकानांत, वृत्तपत्रांत आणि कचेऱ्यांत पसरले ते वेगळेच. श्रीलिपी, आकृती, सुरेख, शिवाजी, किरण अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर पडद्यावर आणि कागदावर देखणा दिसे. फाइलमध्ये मात्र अक्षरांऐवजी ठशांचे क्रमांक साठत. 'हिंगोली'तली ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला 'ह'च्या आधी दिसते, म्हणून फाइलमध्येही ती 'ह'च्या आधी. 'वर्ग'मधला रफार 'ग'च्या डोक्यावर दिसतो, म्हणून फाइलमध्ये तो 'ग'च्या नंतर. प्रत्येक फॉन्टचे क्रमांक वेगळे. फॉन्ट काढून घेतला की उरतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे ढीग.

त्या दिवसांत हे चालून गेले, कारण काम छापण्यापुरते होते. कागद निघाला की फाइलचे काम संपले, असा समज होता. आज त्याच फाइलींतून शोध घ्यायचा, संकेतस्थळावर टाकायचे, यंत्राला वाचायला द्यायचे म्हटले की प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा रूपांतरक लागतो. तो लिहिणाऱ्याला ठसे ओळखून वेलांटी मागे न्यावी लागते, रफार पुढे आणावा लागतो, अर्धी अक्षरे जोडावी लागतात. इस्कीतून युनिकोडमध्ये जाणे त्या मानाने सोपे, कारण युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीच्या मांडणीवरच उभा आहे. ज्यांनी आधी उच्चाराच्या क्रमाने लिहिण्याची शिस्त पाळली, त्यांच्या फाइली कमी कष्टात पुढे गेल्या.

युनिकोड आणि यूटीएफ-८

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक द्यायचा, लिपी कोणतीही असो, हा तिचा करार. तो क्रमांक बाइटांत कसा लिहायचा हा वेगळा प्रश्न. त्याचे आज सर्वमान्य झालेले उत्तर सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडले. इंग्रजी चिन्हे पूर्वीसारखी एका बाइटात, बाकीची दोन, तीन किंवा चार बाइटांत. प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट पाहिला की पुढे किती बाइट त्याचे आहेत हे कळते, आणि पहिला बाइट मागाहून येणाऱ्या बाइटांपेक्षा वेगळा ओळखू येतो, त्यामुळे मधूनच वाचायला लागले तरी पुढच्या अक्षराची सुरुवात सापडते.

देवनागरीला तीन बाइट, इंग्रजीला एक, ही विषमता खरी आहे आणि तिचे परिणामही खरे आहेत. जुन्या डेटाबेसात नावासाठी पन्नास बाइटांची जागा राखलेली असेल, तर इंग्रजी नावाला पन्नास अक्षरे मिळतात आणि मराठी नावाला फक्त सोळा चिन्हे, तीही काना-मात्रा धरून. शेतकऱ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव त्यात मावत नाही. शेवट कापला जातो, आणि तोही कधी अक्षराच्या मध्येच.

असेच कापणे वाचतानाही होते. मोठी फाइल प्रोग्रॅम तुकड्यांनी वाचतात, आणि ४०९६ बाइटांचा तुकडा ही नेहमीची सवय. ४०९६ ला तीनने भागले की एक उरतो. म्हणजे सलग देवनागरी मजकुराच्या पहिल्या तुकड्याच्या टोकाला एका अक्षराचा पहिला बाइट राहतो आणि उरलेले दोन पुढच्या तुकड्यात जातात. तुकडे वेगवेगळे अक्षरांत बदलले की जोडणीच्या जागी अक्षर फुटते. इलाज साधा आहे: आधी बाइट जोडा, मग अक्षरे करा, किंवा हे काम भाषेच्या स्वतःच्या मजकूर-वाचकावर सोडा. तो उरलेला बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो.

कोणती भाषा काय करते

'डोंगरकडा'ची लांबी विचारली तर प्रोग्रॅमिंग भाषा एकसारखे उत्तर देत नाहीत. सी आणि गो २४ सांगतात, कारण त्या बाइट मोजतात. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ८ सांगतात. स्विफ्ट ५ सांगते, म्हणजे शाळेतले मूल सांगेल तेच. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम आला, तेव्हापासून 'क्ष'सारखी अक्षरेही या मोजणीत एक होऊ लागली. सगळी उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. फाइलमधली जागा मोजायची तर २४ हवे, पडद्यावरची अक्षरे मोजायची तर ५.

फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही तर काय होते, हा त्याहून महत्त्वाचा फरक. पायथन बराच काळ यंत्राच्या मांडणीप्रमाणे ठरवत आला: लिनक्स आणि मॅकवर यूटीएफ-८, इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर तो जुना पश्चिम युरोपी तक्ता. म्हणून एकच प्रोग्रॅम घरी चालतो आणि कचेरीत चुकतो. जावाने मार्च २०२२ च्या अठराव्या आवृत्तीत यूटीएफ-८ हे गृहीत धरले. पायथनने तोच बदल ३.१५ या आवृत्तीसाठी ठरवला आहे. रस्टमध्ये मजकूर म्हणून वाचलेली फाइल शुद्ध यूटीएफ-८ नसेल तर चूक परत येते, पुढे जाताच येत नाही. मला ही कडक रीत बरी वाटते.

पायथनमध्ये उलट दिशेची एक पळवाटही आहे: न वाचता येणारे बाइट गाळून टाक, असे सांगता येते. घाईत लोक ती वापरतात. चूक दिसायची थांबते, आणि तिच्याबरोबर नावातली अक्षरेही गळतात. दुसऱ्याच्या नावाबाबत असे करू नये.

लिहिताना हात जपून

वाचताना चुकले तर पुन्हा वाचता येते. लिहिताना चुकले तर मूळच जाते. बहुतेक भाषांत फाइल उघडण्याच्या तीन मुख्य रीती आहेत: वाचण्यासाठी, नव्याने लिहिण्यासाठी आणि शेवटी जोडण्यासाठी. नव्याने लिहिण्याच्या रीतीत फाइल उघडता क्षणीच रिकामी होते, तुम्ही एक अक्षरही लिहिण्याआधी. रोजच्या आवकेची नोंद जोडायची म्हणून कोणी ही रीत वापरली, तर कालपर्यंतच्या सगळ्या नोंदी त्या एका ओळीत जातात. फाइल आधीपासून असेल तर उघडूच नको, अशीही एक रीत सी आणि पायथनमध्ये आहे. पहिल्यांदा लिहिताना ती वापरावी.

दुसरा धोका आपल्या ओळखीचा, वीज जाण्याचा. प्रोग्रॅमने 'लिही' म्हटले की मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो आधी प्रोग्रॅमच्या साठ्यात, मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या साठ्यात थांबतो. फाइल नीट बंद केली की पहिला साठा रिकामा होतो. दुसऱ्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. मध्येच दिवे गेले तर अर्धी फाइल उरते. यावरचा जुना आणि खात्रीचा मार्ग असा: नवा मजकूर शेजारी तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये पूर्ण लिहा, तो डिस्कवर उतरवा, मग तिला मूळ नाव द्या. एकाच डिस्कवर हे नाव बदलणे एका झटक्यात होते, त्यामुळे जुनी फाइल किंवा नवी फाइल, दोहोंपैकी एक अखंड सापडते. हिशोबाची नवी वही पूर्ण उतरवून झाल्याशिवाय जुनी टाकायची नाही, ही दुकानदाराची समज इथेही लागू पडते.

तिसरा धोका तक्त्याच्या सॉफ्टवेअरचा. स्वल्पविरामांनी तोडलेली सीएसव्ही फाइल ही आज गावोगावच्या याद्यांची भाषा आहे. तिच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असतील तर एक्सेल ती यूटीएफ-८ समजून वाचते. नसतील तर दोनदा क्लिक करून उघडताना जुना तक्ता लावते. उलट बाजूला, हे तीन बाइट न ओळखणारा प्रोग्रॅम पहिल्या मथळ्याला एक अदृश्य चिन्ह चिकटवतो आणि 'गाव' नावाचा रकाना समोर दिसत असून सापडत नाही. पायथनमध्ये या तीन बाइटांसह वाचणारे-लिहिणारे वेगळे एन्कोडिंग आहे. ते वापरले की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. जुन्या तक्त्यात साठवताना तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली जातात. सगळ्यांचा बाइट ६३. तिथून मूळ नाव परत आणणारा कोणताही रूपांतरक नाही.

मराठीच्या खास गाठी

सगळे यूटीएफ-८ मध्ये आले तरी काही प्रश्न आपलेच उरतात. 'शेतकऱ्यांची यादी' हे शब्द शोधा. 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिता येतो: खालच्या टिंबाच्या 'ऱ'ला हलंत लावून, किंवा साध्या 'र'ला हलंत लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, बाइट वेगळे. एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले शेतकरी सापडत नाहीत. 'ॲ'चेही तसेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देत, आणि आजही कित्येक जण तसेच देतात. युनिकोडची प्रमाणीकरणाची तयार साधने ही रूपे एक करत नाहीत. वाचल्या वाचल्या एक रूप ठरवून बाकीची त्यात बदलणे, हे मराठी प्रोग्रॅमरला स्वतः करावे लागते.

आकड्यांची गाठ याहून धोक्याची. पायथन आणि जावा '१२३' हा देवनागरी आकडा बिनचूक संख्या म्हणून घेतात. जावास्क्रिप्ट ही संख्या नाही असे सांगते. सी मधले नेहमीचे संख्या-रूपांतर शून्य देते आणि काहीच बोलत नाही. सातबाऱ्यावरचे क्षेत्र किंवा काट्यावरचे वजन देवनागरी आकड्यांत असेल, तर हा शून्य थेट कोणाच्या तरी पैशांत उतरतो.

क्रमवारी ही तिसरी गाठ. नुसत्या क्रमांकांनी लावले तर 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. मराठीचा क्रम जाणणारी साधने आहेत, ती मुद्दाम बोलवावी लागतात.

काय हाती लागते

मागे वळून पाहिले तर साधनांची उणीव आता फारशी नाही. युनिकोड आहे, फुकट फॉन्ट आहेत, प्रत्येक मोठ्या भाषेत एन्कोडिंग सांगायची सोय आहे. विंडोजचे नोटपॅडसुद्धा २०१९ पासून नवी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवते. उरतो तो शिस्तीचा भाग. फाइल उघडताना एन्कोडिंग दरवेळी स्पष्ट लिहावे. आत येणारा मजकूर दारातच यूटीएफ-८ करून घ्यावा. चूक गिळू नये. मूळ फाइलवर थेट लिहू नये. आणि जुन्या फॉन्टांतल्या फाइली, ते फॉन्ट ओळखणारी माणसे आपल्यात आहेत तोवर, युनिकोडमध्ये आणाव्यात. मोडीच्या बाबतीत आपण उशीर केला आणि त्याची किंमत पाहिली. छापखान्यांच्या जुन्या संगणकांत पडलेले गावांचे अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल यांच्याबाबतही तोच उशीर चालू आहे.

गटाच्या फोल्डरमध्ये मी आता 'वाचा' नावाची एक छोटी फाइल ठेवतो. या फाइली कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहेत, कोणत्या तारखेला लिहिल्या, आकडे कोणत्या लिपीत आहेत, एवढेच तिच्यात असते. तिची पहिली ओळ मी रोमन अक्षरांत लिहितो. मराठी माणसाला हे खटकेल, मलाही सुरुवातीला खटकले. पण त्या १२८ चिन्हांबद्दल इस्की, जुना विंडोज तक्ता आणि यूटीएफ-८ या तिघांचेही एकमत आहे. उद्या हे फोल्डर उघडणाऱ्याच्या हाती कोणताही तक्ता असो, ती एक ओळ त्याला वाचता येईल, आणि ती सांगेल की पुढची मराठी कशी वाचायची. काकांचे नाव त्या पुढच्या मराठीत, सभासद यादीच्या तिसऱ्या ओळीवर आहे.